सुरू आणि सरू

४ फेब्रु., नांदेड
डॉ.नी बाहेर बोलावून सांगितलं, आता घरी न्या, करण्यासारखं काही उरलं नाही. सुधाला म्हणालो, सुट्टी मिळाली. चाळीस वर्षांत तिच्याशी इतकं मोठं खोटं बोललो नव्हतो.

तिला एकच हवंय. मुरुडला तिच्या शाळेमागे सुरूचं झाड होतं, वाऱ्यात घुमायचं. तसं खिडकीशी हवं. लातूरला नर्सरीवाल्या गफूरभाईंना फोन केला, मोठंच लावा म्हटलं.
"सरू? हाव सर. तुमी येईपर्यंत उभं करतो."

७ फेब्रु., लातूर
घरी आलो. खिडकीशी सायप्रस! गफूरभाईंच्या घरात उर्दू, त्यांचा सरू म्हणजे हाच, शंकूवाला. माझं सुरू वेगळं, शास्त्रानं फुलझाड. फोनवर 'सरू' ऐकूनही मी हो म्हणालो. आणि जन्मभर बारावीला शिकवलं काय, तर सुरूचं फळ शंकूसारखं दिसतं, फसू नका. सुईसारखं दिसतं ते पान नव्हे, फांदी. ओढली की सांध्यावर सुटते. गाढव आहे मी.

८ फेब्रु.
गफूरभाई आले. फार ओशाळले.
"आमच्या कबरस्तानात हाय हे. मनात आलं होतं सर, मॅडमच्या खिडकीला हे कशाला? पन तुमी मागितलं."
मोठं सुरू नाही. कमरेएवढं आहे, परवा आणतील.

९ फेब्रु.
दिवसभर वारा. सुधा कान लावून पडलेली. सरू घट्ट मिटलेला, शेंडा तेवढा हलला.
"वाजून का न्हाई राहिलं हो?"
म्हणालो, नवीन आहे, मुळं धरू दे. किती खोटं बोलायचं माणसानं. न्हाणीघरात जाऊन रडलो.

१० फेब्रु.
सुरू लावलं. एक काडी तिच्या हातात दिली. तिनं बोटांनी चाचपली, पाठ फिरवून कुठंतरी तोडली, परत जोडली. शाळेतला खेळ.
"कुठं तोडली, ओळखा."
मला सापडेना. तिला सरूचं सगळं सांगून टाकलं. रागावली नाही.
"मग हे वाजायला किती दिवस?"
दोन वर्षं तरी. ते न सांगता तिची उशी सारखी केली.
तीच म्हणाली, "आन् मला किती?"
मी काडीवरचा सांधा शोधत राहिलो.