बासष्टाव्यापुढचा शेरा

अ‍ॅशबर्न,
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय शुभाताई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. सिया कॉलेजला गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि डिशवॉशरचा आवाज. आज बेसबॉलच्या सीझनचा शेवटचा दिवस. विनयने टीव्ही लावला आणि पाच मिनिटांत बंद केला.

फ्रिजवरचा बाबांचा कागद तुम्ही तीन वर्षं मागताय. कधी मी "सापडत नाही" म्हटलं, कधी "सियाने नेला". तो माझ्याच कपाटात होता. सोबत पाठवते आहे.

त्यावर २०२२ मध्ये सगळ्यात जास्त होमरन, म्हणजे आपले षटकारच, मारणारे पाच बेसबॉल खेळाडू: जज, श्वार्बर, ट्राउट, अलोन्सो, रायली. रोज सकाळी चहा पिताना बाबा आकडे सुधारायचे. नागपूरच्या वेधशाळेत जन्मभर पाऊस मोजलेला माणूस. तारीख, आकडा, शेरा. सिया चिडवायची, "आजोबा, गूगल करा ना यार, इट्स ऑल देअर!" ते म्हणायचे, "स्वतः पाहिल्याशिवाय आकडा लिहायचा नसतो."

जज जुन्या विक्रमाशी बरोबरी करून एकसष्टावर अडकला, तोवर बाबा पलंगाला खिळले होते. सारखं विचारायचे, "झाला का गं बासष्टावा?" नर्सने ठेवलेलं दुखण्यावरचं औषध घेईनात. झोप लागेल, तो क्षण चुकेल म्हणून. आणि तुम्ही पुण्याहून निघताना फोनवर म्हणालात, "रत्ना, मी येईपर्यंत त्यांना जागं ठेव." मी हो म्हटलं होतं.

सोमवारी दुपारी त्यांनी उशीचा कोपरा दातांत धरला होता. मला बघवेना.

"बाबा, झाला. बासष्टावा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. कागद मागितला, लिहिलं. "दे आता तुझं औषध," म्हणाले. मी दिलं. ते पुन्हा जागे झाले नाहीत. मंगळवारी सकाळी गेले.

त्याच संध्याकाळी विमानतळावर मी तुमची वाट बघत होते. समोरच्या टीव्हीवर चेंडू कुंपणापार गेला. खरा बासष्टावा. अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती. तुम्ही बाहेर आलात आणि मला रडताना बघून मलाच जवळ घेतलंत. "मी लेक लांब राहिले, तू सुनेनं केलंस गं त्यांचं सगळं." तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता कागद बघा. जगाच्या नोंदीत चार ऑक्टोबर आहे. बाबांची तारीख तीन. पुढे शेरा: 'स्वतः पाहिला नाही. रत्ना म्हणते.'

त्यांनी माझं खरं मानलं, की माझं खोटं ओळखूनच औषध मागितलं? कागद काढला तरी फ्रिजवर ते मॅग्नेट तसंच आहे. सकाळी चहा गाळताना पाठीमागून ऐकू येतं, "झाला का गं?" मी वळत नाही. "हो बाबा," म्हणते. रोज.

माझ्याशी बोलू नका वाटलं तर. पण तो आकडा खोडू नका ताई, अक्षर त्यांचं आहे.

तुम्हाला दिलेला शब्द मोडलेली,
रत्ना