मऊ हाड

३ सप्टेंबर
सातासमुद्रापार, पार्सिपनीत पोचले! सुमित्राकाकूंच्या घरातली वरची खोली मिळाली. खिडकीसमोर मेपलचं झाड आहे आणि काकूंनी आल्याआल्या थालीपीठ खाऊ घातलं. काम अगदी मनासारखं: नॅनोकण मिसळलेल्या जेलमध्ये मूळपेशी वाढवायच्या आणि त्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यांतलं मऊ हाड, बनवायची. उद्या कुणाचे तरी झिजलेले गुडघे त्याने बरे होतील. लॅबचे प्रमुख देवदत्त सर प्रेमळ वाटले. शेजारच्या टेबलावर नागपूरची प्रीता आहे.

१९ सप्टेंबर
पेशी ऐकत नाहीत. प्रयोगाच्या सगळ्या काचेच्या बशांत नुसता चिकट गाळ. सर म्हणाले, कणांचं प्रमाण वाढव. वाढवलं. पुन्हा गाळ.

७ ऑक्टोबर
परत तेच. वैताग आलाय नुसता. चिडचिडीत सिरिंजमध्ये पेशींचं जेल भरताना सुई बोटात घुसली, थोडं जेलही आत गेलं. लगेच रिपोर्ट केलं. सेफ्टीवाल्यांनी बोट धुतलं, पट्टी लावली, काळजी करू नका म्हणाले.

१५ ऑक्टोबर
उजवी तर्जनी वाकत नाही. दुखत नाही, हेच विचित्र. दाबली की कानाच्या वरच्या कडेसारखी लागते. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली. इन्शुरन्सवाले फोनवर गाणी ऐकवत बसतात.

२० ऑक्टोबर
आता सगळा पंजा. प्रीताने बोटातून कणभर नमुना काढून मायक्रोस्कोपखाली धरला. फोकस पुन्हा पुन्हा फिरवला. मग म्हणाली, "ज्ञानदा, कूर्चा आहे ही. परफेक्ट आहे यार."
बशीत इतके दिवस गाळ, आणि इथे—
सर घाबरतील असं वाटलं होतं. ते हसले. एवढ्यात कुणाला सांगू नकोस म्हणाले. मी ओरडले. त्यांनी शांतपणे आणखी एक नमुना मागितला.

२३ ऑक्टोबर
प्रीताने इमर्जन्सीत नेलं. एक्स-रे स्वच्छ. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, किती वेळा सांगितलं! कामाचा ताण आहे म्हणाले, घरी पाठवलं. डाव्या हाताने लिहितेय.

२५ ऑक्टोबर
कोपर गेलं. खांदाही. काकू घास भरवतात, नजर चुकवतात. आईचा फोन काकूंनी कानाला धरला. बरी आहे म्हटलं.

२६ ऑक्टोबर
जबडा उघडत नाही. प्रीता गाडी घेऊन निघालीय, दुसऱ्या हॉस्पिटलसाठी—
बेल वाजली. प्रीता नाही. सरांचा आवाज. खिडकीतून दिसतंय, हातात नमुने ठेवायचा बर्फाचा डबा— काकूंना सांगतायत, मी तिचा डॉक्टर—
काकू, आत घेऊ नका— ओरडता येत नाही— डावी बोटंही आता—
जिन्यावर पावलांचा आ