धाकटी आई, तीन अक्षरी

प्रिय चौकटराणी,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. कामात होते, बाहेर गेले होते, फोन आतल्या खोलीत राहिला, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय मला कधी लागलीच नाही. आणि खरं बोलायला लागले की तू मधेच हसवशील. ते तुला छान जमतं. भांडण रंगात आलं की तू असं काही बोलतेस, की समोरच्यालाच आपल्या रागाची लाज वाटावी. म्हणून कागद घेतला. इथे तुला मधे तोंड घालता येत नाही.

छापखान्याच्या वरची ती खोली आठवते? एका टेबलाला दोघी समोरासमोर, मधे मुद्रितांचा ढीग, आणि खाली यंत्र सुरू झालं की चहाच्या कपांचा थरथराट. तू मुद्रितांच्या कडेला चौकटी काढत बसायचीस, म्हणून आपल्या म्हाताऱ्या मुख्य मुद्रितशोधकांनी तुला चौकटराणी केलं. मी ज्याची चूक असेल त्याच्याकडे जाऊन ती समजावून सांगायचे, म्हणून मी शहाणी. पुढे शब्दकोडं तुझ्याकडे आलं तेव्हा तू संपादकांना ठणकावलंस, ‘उकल शहाणी लिहिणार असेल तरच मी कोडं करणार.’ तू गाठी मारायचीस आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात मी त्या सोडवायचे. ते उलटसुलट कोडं विसरले नाही मी. नयन, कडक, सरस, समास, आणि मधोमध नवजीवन. प्रत्येक शब्द उजवीकडून वाचा नाहीतर डावीकडून, तोच. उकलीत मी एवढंच लिहिलं की आज कोडं आरशासमोर बसून सोडवायचं होतं. लोकांनी फोन करकरून कार्यालय डोक्यावर घेतलं होतं. नोकरी सुटली, मी घरी बसले, पण उकल मात्र घरूनही लिहीत राहिले. ते काम माझं वाटायचं. आपलं वाटायचं.

आणि आईला आपल्या दोघींचं किती कौतुक! तुला माहीत आहे, पण आज पुन्हा सांगते. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडणारी बाई. अख्ख्या गावाची भांडणं, प्रेमं, मरणाच्या बातम्या तिच्या कानावरून गेल्या. घरी येऊन तिने कधी एक शब्द काढला नाही. मी लहानपणी खोदून विचारायचे, तर म्हणायची, ‘ज्याचं बोलणं त्याचं. आपण फक्त तार.’ तुझं लग्न मोडलं आणि तू एक बॅग घेऊन आमच्याकडे आलीस, तेव्हा तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून काय काय बोललीस ते मला आजही ठाऊक नाही. मी तिला विचारलं होतं. तिने मला मटार सोलायला बसवलं. तू आमच्याकडे राहिलीस त्या दिवसांत सकाळचं कोडं तुम्ही दोघी मिळून सोडवायच्यात, चहाला उकळी फुटायच्या आत, पेन्सिल नाही, थेट पेनने. मी दात घासून येईपर्यंत माझ्यासाठी एक रिकामं घर उरलेलं नसायचं.

मग तिला झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. म्हणजे गेले असंही नाही, जागच्या जागी राहिले नाहीत. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिने नाकाकडे बोट दाखवून मला म्हटलं, ‘खिडकी दे.’ मी उठून खिडकी उघडली. ती चिडली. तिला चष्मा हवा होता. घरी आल्यावर घड्याळ झालं भिंतीवरचा मास्तर. कात्री म्हणजे कापणाऱ्या बहिणी. औषध आणलं की म्हणायची, ‘आला कडू पाहुणा.’ बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, ‘चूक दाखवू नका. सरळ वाट बंद आहे म्हणून त्या वळसा घालून जातायत. जाऊ द्या. बोलत राहिल्या तर वाट सापडेल.’ आणि सापडत होती गं. चष्मा परत आला होता. दूध आलं होतं. एक दिवस तर तिने शिवी दिली, स्वच्छ आणि अचूक, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हे सगळं तुझ्याशिवाय कुणाला सांगणार होते मी? रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. ‘आज काय म्हणाल्या काकू?’ दिवसभर तिचं करून अंगाचं पिठलं झालेलं असायचं, आणि तुझा आवाज आला की मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बोलत सुटायचे. दवाखान्यातल्या कारकुनाने कार्डावर लिहायला तिला विचारलं होतं, ‘या कोण तुमच्या?’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘मुलगी’ हा शब्द शोधत होती, ओठ हलत होते, कपाळावर घाम आला. मग माझा हात धरला आणि म्हणाली, ‘ही... धाकटी आई.’ तुला हे सांगताना मला हुंदका आवरला नव्हता. पलीकडे तूही गप्प झालीस. मला वाटलं, तू रडतेयस.

आणि एकदा तू म्हणाली होतीस, ‘थांब थांब, नीट सांग. कापणाऱ्या बहिणी की कातरणाऱ्या बहिणी?’ मी म्हटलं, कापणाऱ्या. मनात आलं, किती मन लावून ऐकते माझी मैत्रीण!

तो अंक सकाळी नेहमीसारखा दाराशी पडला. मी आईपुढे चहा-बिस्किटं ठेवली आणि कोडं काढलं. वर तू ठळक अक्षरांत विषय दिला होतास, ‘घरातली माणसं, घरातल्या वस्तू’. आडवे शब्द, पहिलाच: भिंतीवरचा मास्तर, तीन अक्षरी. मी हसले. खरंच हसले. वाटलं, योगायोग बघ कसा. मग कापणाऱ्या बहिणी, दोन अक्षरी. मग कडू पाहुणा. डोळे खाली सरकतच होते. अगदी मधोमध, चौकटीच्या बरोब्बर पोटात: धाकटी आई, तीन अक्षरी.

मी कागद घडी घालून ठेवणार तोवर आईने तो ओढून घेतला. झटक्यानंतर ती कोड्यावरून नुसतं बोट फिरवायची, शोधसूत्रं तिला लागायची नाहीत. त्या दिवशी लागली. लागणारच, सगळ्या गावात तिच्याएवढी सोपी ती कुणाला असणार? तिने भिंतीकडे बघितलं, पेन डाव्या मुठीत धरलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, घ, ड्या, ळ. मग कात्री. मग औषध. गाल लाल झाले होते तिचे. मुलगी लिहिताना तिने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तिला वाटलं, हे मी केलंय. तिच्यासाठी. छापखान्यातल्या लोकांना सांगून तिच्या एकटीसाठी एक कोडं करवून आणलंय. मी हो म्हणून मान हलवली. काय करणार होते?

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या, हातात अंक. स्वभावाने वाईट नाहीत त्या, पण तोंडाला फाटक नाही. दारातूनच सुरू झाल्या, ‘काय गं, आज तुमच्या कोडेवाल्या बाईंचं डोकं फिरलंय का? औषध म्हणजे म्हणे कडू पाहुणा! आमच्याकडे सगळे हसून हसून लोळतायत. हे म्हणतात, कुणीतरी वेड्या म्हातारीला विचारून लिहिलेलं दिसतंय.’ मी डोळ्यांनी त्यांना गप्प करत होते, पण त्यांचं लक्ष कुठे? आईचं होतं. तिने आधी वहिनींच्या हातातला अंक बघितला, मग आपल्या पुढ्यातला. तसाच. तेच पान. तिला समजायला लागलं ते मी तिच्या चेहऱ्यावर घडताना पाहिलं. प्रत्येक घरात आज हे पडलंय. तिने पेनाला टोपण लावलं, एका हाताने, छातीशी दाबून, आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुपारी संपादकांचा माणूस उकल मागायला फोनवर आला. मी लिहिली. कामाचा माज म्हण हवा तर. घड्याळ, कारण ते शिस्त लावतं. कात्री, कारण दोन पाती जोडीने चालतात. औषध, कारण ते नको असताना येतं. धाकट्या आईपाशी हात थांबला. तिथे मी फक्त ‘मुलगी’ लिहिलं आणि पुढे काही नाही. वाचकांनी विचारलं म्हणे, ही कशी, समजावून सांगा. ती माझी शेवटची उकल. संपादकांना मी तसं कळवलंय, तुला त्यांनी सांगितलं नसेल तर आता कळलं.

संध्याकाळी तुझा फोन आला होता, तेव्हा मी उचलला होता. तू किती खुशीत होतीस! इतके फोन कधीच आले नव्हते, लोक विचारतायत असली शोधसूत्रं सुचतात कशी. ‘काकूंना अमर केलं बघ मी!’ मी विचारलं, मला विचारलं का नाहीस? तू म्हणालीस, ‘अगं, नाव कुठे घातलंय? कुणाला कळणार आहे?’ मला कळलं. तिला कळलं. उरलेल्या गावाचं मला काय करायचंय? मग तू म्हणालीस की मीच तर तुला सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. त्याचा दोष मात्र मी माझ्या पदरात घेणार नाही. पुष्कळ विचार केला, आणि नाही घेणार. मैत्रिणीला सांगायचं नाही तर भिंतीशी बोलायचं का माणसाने? आपल्या सगळ्या संध्याकाळी मी मनात पुन्हा ऐकते हल्ली. कुठे तू मैत्रीण होतीस आणि कुठे कोडेवाली, ते मला वेगळं काढता येत नाही. ‘थांब थांब, नीट सांग,’ म्हणालीस तेव्हा तुझ्या हातात पेन होतं. तू गप्प झालीस तेव्हाही असेल. हे मला फार लागलंय. छापलंस त्याहून जास्त.

तेव्हापासून आई बोलत नाही. बोट दाखवते. चष्मा हवा असला तर स्वतः उठून शोधते, पडली तरी चालेल, पण मागत नाही. शिकवणाऱ्या बाई येतात, चित्रं पुढे करतात, ती ओठ घट्ट मिटून बसते. बाई परवा जिन्यात मला म्हणाल्या, ‘चुकत होत्या तोवर मला काळजी नव्हती.’

आता हे पत्र का ते लिहिते. तू संपादकांकरवी निरोप पाठवलास, की येत्या रविवारी काकूंना भेटायला येतेयस, मिठी मारून सगळं मिटवतेस. चूक माझी, मी तो निरोप आईला सांगितला. वाटलं, तोंड फिरवेल. तिने फिरवलं नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने मला तिचा आवाज आला. इतक्या दिवसांनी आवाज! मी धावत दाराशी गेले. आरशासमोर बसून ती तुझ्यासमोर बोलायचे शब्द घोकत होती, शाळेतल्या पोरीसारखे. चष्मा बरोबर आला. कात्री अडखळत आली. तिसऱ्याला तिने भिंतीकडे बघितलं, तोंड उघडलं आणि ‘मास्तर’ म्हणाली. मग तिने डावा हात उचलला आणि आपल्याच तोंडावर फाडकन मारून घेतली. मी आत जाऊन हात धरेपर्यंत दुसऱ्यांदा मारली होती. येऊ नकोस. रविवारी नको, आणि मी बोलावेपर्यंत कधीच नको.

‘तुझीच’ आज लिहवत नाही,
शहाणी