यादीतून गळलेली गोळी

शुक्रवार, १ मार्च

खिडकीवर बसणाऱ्या मेन्नाशी भांडलो. दवाखान्याच्या खिडकीत, सगळ्यांदेखत. बायकोच्या, एलूनेडच्या, महिन्याच्या चिठ्ठीवरून मोठी पांढरी गोळी गायब — तिचा आजार आटोक्यात ठेवणारी तीच तर एक! मी दर महिन्याला चिठ्ठीवरच्या सगळ्या गोळ्यांपुढे खूण करून त्या मागवतो, घरात शिल्लक असो नसो. मागायची राहिली की गोळी यादीतून गळते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारीत बर्फाच्या गडबडीत माझीच एक खूण राहिली असणार. आवाज मात्र मेन्नावर चढवला.

"ग्विलिमकाका, डॉक्टरांशी बोला ना. मला नाही सांगता येत."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

ती समोरचे कागद लावू लागली. लहानपणी हिला शाळेच्या बसमधून मीच नेत होतो. मग हळूच म्हणाली, "आणि तुमची रक्तदाबाची? नाताळापासून मागितली नाहीत."

माझं राहू दे, म्हटलं.

कोटाला लावलेलं डॅफोडिलचं फूल गाडीत बसताना मोडलं. आम्हा वेल्श लोकांच्या सणाचा दिवस, आणि मी असा.

मंगळवार, ५ मार्च

ईस्टरआधीचे उपास सुरू होण्यापूर्वीचा पॅनकेकचा दिवस. एलूनेडने अर्धा खाल्ला, तोही लिंबू पिळपिळून. "गोळी घेतलीस?" — "घेते नंतर." बाकीच्या गोळ्या घरात ढीगभर, पण हिच्या जुन्या पाकिटात थोड्याच उरल्या असतील. त्या संपल्या की पुढे काय?

डॉक्टर प्रॉसरना फोन केला. बाई बाहेर गेल्या होत्या. संध्याकाळी चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेलो. मन नव्हतं, पण मंगळवारी मी घरात थांबलेलं एलूनेडला चालतच नाही.

बुधवार, ६ मार्च

फोन नाही.

शुक्रवार, ८ मार्च

दवाखान्यात जाऊन बसलो. भेटल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. शेवटी डॉक्टर प्रॉसरनी आत घेतलं, दार लावलं.

"गळलेलं काही नाही, ग्विलिम. बाकीचं एलूनेडला विचारा. आजच विचारा."

घरी आलो. ती खिडकीशी बसली होती. विचारलं.

"हो, मीच बंद करायला सांगितली," म्हणाली. इतक्या साधेपणाने, जसं काही दूध बंद केलं. "ती गोळी मला आजारापेक्षा जास्त छळते रे. जे काही उरलंय ते बादलीत डोकं घालून नाही काढायचं मला."

डॉक्टर मंगळवारीच यायच्या म्हणे. मी तालमीला गेलो की.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडला असतास. मग मी घेत राहिले असते."

राग आला. खूप आला. बागेत जाऊन उगाच वाफा खणला. चाळीस वर्षांहून जास्त संसार केला, आणि हे मला डॉक्टरांच्या तोंडून अर्धवट कळावं? आत आलो तर तिने चहा करून ठेवला होता. मी रडलो. तिने गोळी घेतली नाही.

सोमवार, ११ मार्च

मेन्नाची माफी मागितली. घरचे वेल्श केक दिले. तिने डबा घेतला आणि खिडकीआड डोळे पुसले.

रविवार, २४ मार्च

समुद्रावर नेलं. चिप्स खाल्ल्या तिने, व्हिनेगर ओतून, बोटं चाटत. ओकारी नाही. किती महिन्यांनी. माझ्या टोपीवर सीगलने घाण केली तर पोट धरून हसली.

ती बरोबर होती.

सोमवार, १५ एप्रिल

अंथरुणातून उठवत नाही तिला. चिठ्ठीवर आता एकच ओळ — दुखण्यावरचं पातळ औषध. ईस्टरला दवाखाना बंद, म्हणून दोन बाटल्या आधीच मागायला गेलो.

"एक न्या, काका," मेन्ना म्हणाली. "लागलीच तर मी स्वतः आणून देते."

समजलो, दुसरी लागणार नव्हती. परतीची वाट दिसेना, गाडी शेताच्या फाटकाशी थांबवून बसलो.

रविवार, २१ एप्रिल

एलूनेड गेली. दुपारी. रेडिओवर ईस्टरची गाणी चालू होती, मीही खालच्या सुरात साथ धरली होती. हात माझ्या हातातच होता.

मंगळवार, ३० एप्रिल

नर्सबाई एलूनेडसाठी दवाखान्याने दिलेला पलंग न्यायला आल्या. माझा रक्तदाब मोजल्याशिवाय गेल्या नाहीत. आकडा बघून तोंड वाकडं केलं.

घरातली उरलेली औषधं औषधांच्या दुकानात परत केली — पिशव्याच पिशव्या, माझ्या त्या खुणांचं फळ. कोणालाच वापरता येत नाहीत, फेकून देतात. काउंटरवरच्या इडवलने त्या आत नेऊन ठेवल्या.

मेन्नाचा निरोप आहे, तुमची गोळी सुरू करा. कोणासाठी? खरं सांगायचं तर मला लवकर जायचंय. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार?

शुक्रवार, १० मे

दार वाजलं. इडवल, हातात कागदी पिशवी.

"परत ने, बाबा. ती नाही आता."

"त्यांची नाही, काका. तुमची." तो उंबऱ्यावरच उभा राहिला. "एलूनेडकाकूंनी मार्चमध्येच मेन्नाला सांगून ठेवलं होतं — मी गेले की याची गोळी घरपोच सुरू करा, हा स्वतः मागणार नाही. आणि मला म्हणाल्या, पहिली घेईपर्यंत दारातून हलू नकोस."

पाणी आणलं. घेतली.