लाल गाडीचे पाइप

३ फेब्रुवारी, सोमवार
लाल गाडी अजून आमच्या गॅरेजच्या दारातच! कोपरगावच्या वैजनाथशेठची, दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट गाडी. आत मात्र दुसऱ्याच गाडीचं मोठं इंजिन. हौस! इंजिन बसलं, पण व्हॅक्यूमचे पाइप बसेनात. आमच्या फराजचे अब्बा म्हणाले, "जुन्याचे पाइप डावीकडनं जायचे, ह्याचं तोंडच उजवीकडं हाय."

लग्नानंतर कधीतरी त्यांनीच समजावलं होतं मला. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीवर ब्रेक हलका लागतो. मध्येच कुठून हवा शिरली की ब्रेक दगडासारखा. दोन्ही पाय देऊन उभं राहिलं तरी गाडी लवकर थांबत नाही.

रविवारी शेठ आईला घेऊन भंडारदऱ्याला जाणार. घाटाचा रस्ता.

दूध एक लिटर, साबण दोन वड्या. बस.

५ फेब्रुवारी, बुधवार
पाइप बसले म्हणे. चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले तर इंजिन चालू, आणि खालून बारीक सूंऽऽ. कुकरची रिंग जुनी झाल्यावर येतो तसा. म्हटलं, "कुठंतरी हवा शिरतेय."
त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय?"
परत सांगितलं.
"पंख्याचा आवाज हाय तो. तुला येतोय, मला येत न्हाई व्हय?"

पूर्वी पाइपचा तुकडा कानाला लावून, दुसरं टोक इंजिनवर फिरवत असली गळती हुडकायचे. घोडेगावात त्यांचंच नाव — "रशीदला नुसतं ऐकू द्या!" यावेळी हातानेच चाचपत होते. वय झालं, कंटाळत असतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार
नफिल रोजा, आपल्या मर्जीचा. सूं चालूच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
जनावरांचा बाजार. रस्ताभर म्हशी आणि टेम्पो, त्यामुळे गाडी बाहेर काढून बघताच आली नाही. ते जुम्याच्या नमाजला गेले.

मी आज भलतंच केलं. गिअर हलवून बघितला, मोकळा होता. किल्ली फिरवली — आयुष्यात पहिल्यांदा! बिस्मिल्ला म्हणून. पाइपचा तुकडा कानाला लावला आणि टोक सगळीकडे फिरवलं. ब्रेकचा जाड पाइप सायलेन्सरच्या नळीजवळून खाली वळतो, तिथं आवाज एकदम मोठा झाला. हात लावला नाही, तापलेलं होतं. गाडी बंद केली.

ते आल्यावर सांगितलं.
"तू स्वयपाक बघ, बद्रू."
भाजीत मीठ जास्त पडलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
वैजनाथशेठ सकाळीच हजर. पांढरा शर्ट, काळा गॉगल. "काय रशीदभाई, झाली का आमची नवरी तयार?"
"झाली शेठ. न्या."

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. शेठ आत बसले, गाडी सुरू केली. सूंऽऽ. शेठचं लक्ष हॉर्नवर. दोनदा वाजवून हसले. आपण बाईमाणूस, गिऱ्हाइकासमोर नवऱ्याचं काम खोटं कसं पाडायचं? पण मागच्या फेरीला त्यांची आई आली होती. माझ्या हातचा चहा पिऊन गेली, दुआ देऊन गेली.

उठले. "शेठ, गाडी आज जायची नाही. ब्रेकच्या पाइपात हवा शिरतेय."
"आँ? आता गॅरेज भाभी चालवतात का काय!"

फराजचे अब्बा माझ्याकडे बघत राहिले. मग वाकले. मी बोट दाखवलं तिथंच हात घातला. पाइप काढून उजेडात धरला. खालच्या बाजूने उष्णतेने भाजून चिरलेला. वाकवला तशी चीर तोंडासारखी उघडली.

शेठनी गॉगल काढला. "घाटात गेलो असतो तर, रशीदभाई?"
"माझ्याकडनं चूक झाली, शेठ." एवढंच बोलले.

दिवसभर बसून नवा पाइप सायलेन्सरपासून लांब, वरच्या अंगाने फिरवला. दुपारच्या अस्रच्या नमाजनंतर शेठ रस्त्यावर चार ब्रेक मारून, खात्री करून गाडी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "भाभी, आईला सांगतो."
मी फराजच्या अब्बांना विचारलं, "आता आवाज नाही ना?"
ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "न्हाई ना?"

रात्री जेवले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
मशीद घराच्या मागेच. दिवस मावळताना मगरिबची बांग सुरू झाली की मी ओढणी डोक्यावर घेते. आज मुद्दाम घेतली नाही. फराजचे अब्बा समोर बसून पाना पुसत होते. बांग झाली, संपली. ते पुसतच राहिले.
मग मी ओढणी डोक्यावर घेतली.
ते लगेच उठले. म्हणाले, "चल, बांग झाली."