तळाचा आवाज

नागभीड, ऑक्टोबर १९९९

रिना बेटा, जय भीम.

तुझं जहाज आत्ता कुठी आहे, ते तुझ्या ऑफिसातल्या साहेबालेही ठाऊक नाई. वादळ आल्यापासून जहाजाशी बोलणंच होऊन नाई राह्यलं, असं तो फोनवर म्हणाला. वरून मलेच म्हणते, "घाबरू नका." घाबरू नको तर काय नाचू?

तुझ्या आईले मी खोटंच सांगतलं, पोरगी खुशाल आहे म्हणून. ती तुझ्यासाठी लाखोळीची डाळ निवडत बसली आहे. तिच्यासमोर मले रडताही येत नाई.

जिंदगीभर विहिरी खोदल्या, पण खाली उतरताना मी कधी भ्यालो नाई. तू काठावर बसून आवाज द्यायची, "बाबा, आहे का जी?" मी खालून "हाव" म्हटलं की मगच गप बसायची. पुढं सरकारच्या भूगर्भ सर्वेत लागली, तेव्हा म्हणाली, "बाबा, काम तेच आहे. जहाजातून खाली आवाज सोडायचा. तो परत आला की समुद्राचा तळ किती खोल आहे ते समजते, अन् त्याचा नकाशा काढायचा." तेव्हा मले लय हासू आलं होतं.

आज दुपारी मागच्या विहिरीवर गेलो. काठावरून वाकून आवाज दिला, "रिना, आहे का वं?"

आवाज परत आला, बेटा. पण तो माझाच होता.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू? तू फक्त एकदा "हाव" म्हण.

काठावर बसलेला तुझा बाबा,
सोमाजी