धुकेराणी उठते कशी

दि. ४, मंगळवार

चि. ठमीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या खेळातली ती दुष्ट धुकेराणी मोबाइलवर बघितली. अगं, ती तर मीच! तेच हात पाठीमागे, तीच संथ चाल. मागे मला गच्चीवर तासभर चालवून तू चित्रं काढलीस, ती ह्यासाठी होय? खालच्या शिंपीणबाईंना दाखवलं. म्हणाल्या, चाल अगदी दूध पिऊन निघालेल्या मांजरीची! त्यांच्या मशीनचा पट्टा तुटलाय, ते असो. सगळ्यांना झोडपून शेवटी ती धुक्यात विरून जाते, ते मला फार आवडलं. हल्ली दुपारी डोळा लागला की मी त्याच धुक्यात फिरते. पायाखाली जमीन नसते, गुडघे कुरकुरत नाहीत.

पत्र धाड. तुझ्यावर माझी माया आहेच, ती उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझी आजी

दि. ११, मंगळवार

ती. आजीस सा. न.

तुझ्या दुष्टपणाने आमचं ऑफिस डोक्यावर घेतलंय. आमच्या ह्या मारामारीच्या खेळात खेळणारा आपला गडी निवडतो आणि शेवटी त्याची गाठ पडते धुकेराणीशी. तिला कॉम्प्युटरच चालवतो. आता हजारो खेळणारे हटून बसलेत, की ती आम्हाला खेळायला द्या. तिच्या हालचाली मी काढल्या, म्हणून साहेबांनी निर्णय माझ्यावर सोडलाय. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सांगायचं आहे.

मी नाही म्हणणार. खेळायला दिली की ती इतरांसारखी मार खाणार, आपटणार. आत्ता ती हरायला आली तरी धुक्यात विरते, म्हणून आजवर ती पडलेली कुणी पाहिली नाही. तिचं पडून उठणं मी काढलेलंच नाही. तुझ्या चालीची बाई भुईवर लोळलेली मला बघवणार नाही गं. तुला काय वाटतं, ते कळव.

तब्येतीला जप, मला रागावत राहा.

तुझी ठमी

दि. १५, शनिवार

चि. ठमे, आशीर्वाद आणि एक धपाटा.

वेडी का खुळी तू? कुठल्या कुठल्या अनोळखी घरांत, कुणाच्या कुणाच्या बोटांनी मी चालणार, आणि तू दार लावून घेतेस?

पडण्याचं म्हणशील तर, तुझ्या आईला तोंड शिवायला सांगितलं होतं, पण आता सांगते. गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात पडले. हाडं शाबूत, ऐट तेवढी मोडली. बराच वेळ लादीवर पडून झरोक्यातला ढग बघत होते. इतका सावकाश चालला होता की मलाच हेवा वाटला. मग उठले. कशी, ते लिहून घे.

आधी कुशीवर वळायचं. मग कोपर टेकायचं. मग एक गुडघा. दुसरा रुसका आहे, त्याला वेळ द्यायचा. मी बादलीचा काठ धरला. राणीला बादली शोभायची नाही, तिला धुकं धरू दे. उभं राहिलं की केस सारखे करायचे, हात पाठीमागे. घाई मुळीच नको. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, बाई मुद्दामच जरा आडवी झाली होती.

शुक्रवारी हो म्हण. लोभ आहे तो आहेच, होकार दिलास तर दुप्पट.

तुझी दुष्ट आजी